परक्या दारातला पहारा

एखादे राष्ट्र दुसऱ्या राष्ट्रावर आर्थिक निर्बंध लादते तेव्हा त्याची बातमी होते, भाषणे होतात, निषेध आणि समर्थन यांची पत्रके निघतात. पण निर्बंध पाळले जाण्यासाठी तिसऱ्याच राष्ट्रांना जो पैसा, जी यंत्रसामग्री आणि जे प्रशिक्षण पुरवले जाते, त्याची चर्चा क्वचितच होते. मार्च २०२३मध्ये ब्रिटनच्या सरकारने आपल्या परराष्ट्र आणि संरक्षण धोरणाचा फेरआढावा जाहीर केला. त्यात निर्बंधांची अंमलबजावणी बळकट करण्यासाठी दोन वर्षांत ५ कोटी पौंडांपर्यंत खर्चाचा एक उपक्रम होता. सहकारी देशांना साहाय्य करणे हेही त्याचे एक अंग. अमेरिकेचे परराष्ट्र खाते तर निर्यात-नियंत्रण आणि सीमासुरक्षा या नावाखाली अनेक वर्षे परदेशांतल्या जकात अधिकाऱ्यांना शिकवत आणि साधने पुरवत आले आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर या खटाटोपाला वेग आला. युरोपीय संघाने तर केवळ निर्बंधांसाठी एक विशेष दूत नेमला आणि तो तिसऱ्या देशांच्या राजधान्या फिरू लागला.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी या विषयात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की हा व्यवहार जितका पैशाचा आहे तितकाच शब्दांचाही आहे. ‘भागीदार’, ‘साहाय्य’, ‘क्षमतावर्धन’, ‘समन्वय’ ही त्याची परिभाषा. हे शब्द काय सांगतात आणि काय झाकतात, हे पाहणे आपल्या अभ्यासाच्या बाहेरचे नाही. शिवाय आम्ही ज्या गिरीज गावी बसून हे लिहीत आहोत, तेथून जवळच असलेल्या वसईच्या किल्ल्याने असले करारमदार एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहेत. ते आठवल्याशिवाय आजची परिभाषा नीट वाचता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम तीन शब्द वेगळे करून ठेवू. दुसऱ्याला त्याचे स्वतःचे काम करता यावे म्हणून जे दिले जाते ती मदत. आपल्या निर्णयामुळे दुसऱ्याचा जो तोटा होतो तो भरून देण्यासाठी जे दिले जाते ती भरपाई. आणि आपले काम दुसऱ्याने करावे म्हणून जे दिले जाते तो पगार. हा तिसरा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, ‘देणे, चुकते करणे’ या अर्थाच्या त्यांच्या क्रियापदावरून. आणि तो इतका मुरला की आज तो परका आहे असे कोणास सांगितले तर खरे वाटू नये. निर्बंधांसाठी दिला जाणारा निधी या तिन्हींपैकी नेमका कोणता, हा आमचा प्रश्न आहे. सरकारी कागद तिन्हींना एकच नाव देतात. ते नाव अर्थातच पहिले असते.

आता वसईकडे वळू. डिसेंबर १५३४मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. उत्तरेकडून हुमायूनचे संकट येत होते आणि सुलतानाला समुद्राकडची बाजू शांत हवी होती. या तहातील मुलखाचे कलम सर्वांना ठाऊक असते; त्याच्या शेजारची कलमे फारशी कोणी वाचत नाही. गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईस येऊन पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा, परतताना पुन्हा वसईस येऊन जकात भरावी. सुलतानाने आपल्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधू नयेत. तुर्कांशी सख्य करू नये. या परवान्यास पोर्तुगीज ‘कार्ताझ’ म्हणत. तो ज्या जहाजाजवळ नसेल ते जहाज समुद्रावर पकडण्याचा हक्क त्यांनी आपल्याकडे घेतला होता. म्हणजे पोर्तुगीजांचे वैर तुर्कांशी, व्यापार गुजराती वाण्यांचा आणि पाळणूक सुलतानाकडून. आजच्या भाषेत सांगायचे तर सुलतान हा निर्बंधांच्या अंमलबजावणीतला ‘भागीदार’ झाला होता. त्या भागीदारीचा शेवट कसा झाला हेही नमूद केले पाहिजे. फेब्रुवारी १५३७मध्ये दीवच्या समुद्रात, पोर्तुगीज गव्हर्नराची भेट घेऊन परतताना झालेल्या चकमकीत बहादूरशहा मारला गेला.

येथे न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. समुद्रावर परवाने देणे ही केवळ परक्यांची रीत नव्हती. पुढे कान्होजी आंग्रे यांनीही कोकणच्या किनाऱ्यावर दस्तकाची सक्ती केली आणि दस्तक नसलेली जहाजे पकडली. तेव्हा आमचा आक्षेप नियंत्रणाला नाही. आंग्रे आपल्या किनाऱ्यावर आपल्या नावाने दस्तक देत होते. सुलतानाच्या बंदरांत मात्र कार्ताझ दुसऱ्याच्या नावाने चालत होता. पहारा कोणाच्या दारात आहे आणि पहारेकरी कोणाचा हुकूम मानतो, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी निघू लागली की ‘भागीदार’ या शब्दाबद्दल सावध व्हावे.

मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई मराठ्यांकडे आली. गिरीजच्या हिरा डोंगरीस वज्रगड हे नाव आहे, ते त्याच मराठी अमलाची आठवण देते. पण या लेखाच्या दृष्टीने पुढचे दोन कागद अधिक महत्त्वाचे आहेत. पहिला कागद १७७९चा. इंग्रजांशी युद्ध चालू असताना पोर्तुगीज त्यांना मिळू नयेत ही पुणे दरबाराची निकड होती. त्या वर्षीच्या तहात पेशव्यांनी दमण परगण्यातील गावांचा वार्षिक १२,००० रुपयांचा वसूल पोर्तुगीजांना मैत्रीखातर देण्याचे मान्य केले. मराठी आरमाराने पकडलेल्या एका पोर्तुगीज जहाजाची भरपाई हेही त्यामागचे एक कारण सांगितले जाते. १७८३ आणि १७८५च्या सनदांनी गावे नेमून दिली गेली. हीच गावे पुढे दादरा आणि नगरहवेली म्हणून ओळखली गेली.

ध्यानात घ्या, हा राज्याने सहकाऱ्याला दिलेला निधीच होता. रक्कम ठरलेली, हेतू ठरलेला, कालखंडाचा मात्र पत्ता नाही. मैत्री आटली, पेशवाई १८१८मध्ये बुडाली, इंग्रज आले आणि १९४७मध्ये गेले. पण वसूल घेणारा तेथेच राहिला आणि वसुलाचा धनी हळूहळू मुलखाचा धनी म्हणून वागू लागला. जुलै-ऑगस्ट १९५४मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा आणि नगरहवेली मुक्त केली. संगीतकार सुधीर फडके यांचा त्या लढ्यातील सहभाग मराठी वाचकांस ठाऊक आहेच. त्यानंतर पोर्तुगालने १९५५मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर फिर्याद केली. मागणी अशी की दमणहून या वेढलेल्या प्रदेशात जाण्याचा आपला हक्क मान्य व्हावा. भारताने नेमलेले न्यायाधीश होते महंमद करीम छागला.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. साहित्याच्या आणि भाषेच्या अभ्यासकाने तो मुद्दाम वाचावा, कारण त्यात एका मराठी तहाच्या शब्दांचा अर्थ लावलेला आहे. तहाने सार्वभौमत्व दिले की केवळ वसूल दिला, हा वाद होता. न्यायालयाने तहाच्या उपलब्ध पाठांची भाषा तपासली आणि सांगितले की ही देणगी जहागिरीच्या किंवा सरंजामाच्या स्वरूपाची होती. तिने मुलखाचे स्वामित्व दिले नव्हते. पोर्तुगीजांचे स्वामित्व पुढे इंग्रजांनी मूकपणे मानले, म्हणून ते प्रस्थापित झाले. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला; सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी तो नाकारला; आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही असा निर्णय दिला. १२,००० रुपयांच्या एका मैत्रीच्या देणगीचा अर्थ लावायला पावणेदोनशे वर्षांनंतर जगातले सर्वोच्च न्यायपीठ बसवावे लागले. निधी देताना त्याचे नाव, मुदत आणि मर्यादा स्पष्ट लिहिणे का आवश्यक असते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस माहीत नाही.

दुसरा कागद वसईचाच, ३१ डिसेंबर १८०२चा. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली, तिच्या खर्चासाठी वार्षिक २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला, इंग्रजांशी युद्ध असलेल्या युरोपीय राष्ट्रांची माणसे चाकरीस न ठेवण्याचे आणि परराज्यांशी इंग्रजांच्या सल्ल्यानेच व्यवहार करण्याचे मान्य केले. येथे पैसा उलट दिशेने वाहिला. ज्याच्यावर बंधन आले त्यानेच त्याचा खर्च उचलला. आजचा निधी देणारा देश म्हणेल, आम्ही तर स्वतःच्या खिशातून देतो. खरे आहे आणि हा फरक लहान नाही. परंतु पैसा कोणत्या दिशेने वाहतो यावरून मुखत्यारी कोणाकडे आहे हे ठरत नाही. शत्रू कोण, मित्र कोण, कोणाचे जहाज अडवायचे, याचा निर्णय १५३४मध्ये सुलतानाकडे नव्हता, १८०२मध्ये पेशव्याकडे राहिला नाही. आजच्या ‘भागीदारा’कडे तो असतो का, हे पाहिले पाहिजे.

आता दुसरी बाजू. निर्बंध एकट्याने लादले तर ते गळतात, म्हणून शेजाऱ्यांचे सहकार्य मिळवणे अपरिहार्य ठरते, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे आणि त्याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी रेल्वेची वाहतूक बंद केली, पणजीतील आपली वकिलात बंद केली, मालाच्या, माणसांच्या आणि पैशाच्या ये-जा करण्यावर कडक बंधने घातली. गोव्याची आर्थिक नाकेबंदी म्हणतात ती ही. हेतू असा की पोर्तुगीज सत्तेचा श्वास कोंडावा. झाले काय? त्याच वर्षी दाबोळीचा विमानतळ उभा राहिला आणि गोव्याची विमाने कराचीस जाऊ लागली. धान्य आणि इतर जिन्नस पाकिस्तान, सिलोन आणि युरोपातून समुद्रमार्गे येऊ लागले. लोहखनिजाची निर्यात जपान आणि पश्चिम जर्मनीकडे वाढत गेली आणि त्या पैशावर बाजार परदेशी मालाने भरला. सोने, घड्याळे यांची चोरटी वाहतूक उलट भारताकडे सुरू झाली. सत्ता हलली ती डिसेंबर १९६१मध्ये सैन्य गेले तेव्हा.

मग नाकेबंदीचा भार कोणी वाहिला? मुंबईत नोकरी करणारा, गिरगाव-धोबीतलावच्या कुडांत राहणारा गोमंतकीय खलाशी, आचारी, कारकून यांनी. त्यांचे घर गोव्यात आणि मिळकत मुंबईत. घरी पैसे पाठवणे आणि आईवडिलांना भेटायला जाणे हे दोन्ही परवान्यांच्या जंजाळात अडकले. पुढे काही वर्षांनी बंधने सैल करावी लागली. आम्ही गोवामुक्तीच्या बाजूचे आहोत; त्यासाठी झालेल्या त्यागाविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण न्याय्य कारणासाठी लादलेल्या निर्बंधाचाही भार चुकीच्या खांद्यावर पडू शकतो, हे मान्य केले नाही तर आपण इतरांच्या निर्बंधांविषयी प्रामाणिकपणे बोलू शकणार नाही.

गोव्याच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट निघते. भारताने त्या काळी कराचीच्या जकातघराला प्रशिक्षण आणि यंत्रे दिली असती तर ती विमाने थांबली असती काय? अर्थातच नाही. पाकिस्तानला ती थांबवायचीच नव्हती. क्षमता आणि इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘क्षमतावर्धन’ हा शब्द इच्छा आहेच असे गृहीत धरून चालतो. जेथे ती नसते तेथे निधी दोनपैकी एक होतो, एक तर वाया जातो किंवा इच्छा विकत घेण्याचे साधन बनतो. दुसऱ्या प्रकाराला आम्ही पगार म्हणतो.

असे साहाय्य प्रामाणिकपणे देता येतच नाही, असे मात्र आमचे म्हणणे नाही. मे १९९२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने युगोस्लाव्हियावर निर्बंध घातले. ते पाळणे शेजारच्या देशांच्या हाती होते आणि त्यांची जकातघरे त्या कामाला अपुरी होती. तेव्हा युरोपीय देशांनी आणि अमेरिकेने बल्गेरिया, रुमानिया, हंगेरी आदी देशांत जकात अधिकाऱ्यांची साहाय्यपथके पाठवली. ब्रसेल्समधून त्यांचा समन्वय होत असे. निर्बंध सर्वांनी मिळून ठरवलेले, पथके यजमान देशाच्या संमतीने आलेली, काम उघड. ही मदत होती असे म्हणायला आमची हरकत नाही. पण डॅन्यूब नदीवरचा व्यापार बुडाल्याने त्याच बल्गेरिया-रुमानियाचा जो तोटा झाला त्याची पुरती भरपाई झाली नाही. पहारा बसवायला माणसे मिळाली. पहाऱ्यामुळे ज्याचे दुकान बसले त्याच्यासाठी तिजोरी तशी उघडली नाही.

या तोट्याचा विचार संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने केलेलाच नाही असे नाही. तिचे ४१वे कलम निर्बंधांचे आहे. ५०वे कलम असे सांगते की निर्बंध पाळताना ज्या राष्ट्रापुढे खास आर्थिक अडचणी उभ्या राहतील त्यास सुरक्षा समितीशी विचारविनिमय करण्याचा हक्क आहे. १९७६मध्ये नुकत्याच पोर्तुगीजांच्या तावडीतून सुटलेल्या मोझांबिकने ऱ्होडेशियाशी आपली सीमा बंद केली, तेव्हा सुरक्षा समितीने त्यास आर्थिक मदत करण्याचे सर्व देशांना आवाहन केले होते. हक्क विचारविनिमयाचा आहे, भरपाईचा नाही. पण निदान तोटा नावाने ओळखला गेला. एकेका देशाने किंवा गटाने स्वतःच्या अधिकारात लादलेल्या निर्बंधांना हे ५०वे कलमही लागू होत नाही. तेथे भागीदाराने काय गमावले, हे विचारायला कोणते दारच नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. सुरक्षा समितीत नकाराधिकार असलेले राष्ट्रच आक्रमक असेल तर समिती काय करणार? मग समविचारी देशांनी हात बांधून बसावे काय? आम्ही असे म्हणत नाही. अन्यायाशी व्यापार न करण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्राला आहे आणि भारताने तो पूर्वी बजावला आहे. १९४६मध्ये, स्वातंत्र्य मिळण्याच्याही आधी, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. कारण होते तेथील भारतीयांवर लादलेले वंशभेदाचे कायदे. असे करणारा तो पहिला देश. सुरक्षा समितीने दक्षिण आफ्रिकेवर शस्त्रबंदी सक्तीची केली ती १९७७मध्ये. मधली ३१ वर्षे भारताने तोटा स्वतः सोसला आणि इतरांची मने संयुक्त राष्ट्रांच्या सभांतून, युक्तिवादाने वळवली. ‘बहिष्कार’ हा आपल्या राष्ट्रीय चळवळीचा शब्द. त्याचा अर्थच मुळी असा की आधी आपले दुकान बंद, मग दुसऱ्याला विनंती. आजच्या ‘निर्बंध’ या शब्दातून हा पहिला अर्धा भाग गळून पडला आहे.

आणि भागीदारांना निधी देणारा हात एकटा नसतो, हेही विसरता कामा नये. इराणच्या तेलावरची सवलत अमेरिकेने संपवली तेव्हा मे २०१९पासून भारताने ते तेल घेणे थांबवले. भारताचे घोषित धोरण तर असे की आपण केवळ संयुक्त राष्ट्रांचेच निर्बंध मानतो. ऑगस्ट २०२५मध्ये रशियाचे तेल घेतल्याबद्दल अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लावले. एका हातात अनुदान, दुसऱ्या हातात दंड. दोन्ही हात एकाच देहाचे असताना फक्त पहिल्या हाताकडे बोट दाखवून ‘ही तर मदत’ म्हणणे म्हणजे वाक्याचा अर्धा भाग वाचण्यासारखे आहे. दंडाच्या भीतीखाली घेतलेले अनुदान स्वेच्छेचे कितपत असते, याचे उत्तर लहान देशाच्या जकातघरात मिळेल, मोठ्या देशाच्या पत्रकात मिळणार नाही.

म्हणून आमचे मत थोडक्यात असे. निर्बंधांच्या अंमलबजावणीसाठी दुसऱ्या देशाला निधी देणे तीन अटींवर समर्थनीय ठरू शकते. एक, तो निर्बंध त्या देशाने स्वतःच्या कायद्याने किंवा सर्वमान्य जागतिक संस्थेच्या निर्णयाने पत्करलेला असावा. दोन, पहाऱ्यासाठी जो पैसा दिला जाईल त्याच कागदावर तोट्याचाही हिशेब मांडलेला असावा. त्यात राज्याच्या तोट्याबरोबर खलाशाचा, हमालाचा, घरी पैसे धाडणाऱ्या नोकरदाराचा तोटाही यावा. तीन, कराराची भाषा, मुदत आणि मर्यादा त्या देशाच्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचता यावी. या तिन्ही अटी पाळल्या तर त्यास मदत म्हणू. पहिली मोडली तर तो पगार आहे. दुसरी मोडली तर भरपाई बुडवलेली आहे. तिसरी मोडली तर काय होते, ते १७७९च्या तहाने दाखवलेच आहे.

आमची अध्यापकांस एक सूचना आहे. व्यावहारिक मराठीच्या तासाला आपण अर्ज, इतिवृत्त आणि जाहिरात शिकवतो. त्यांच्या जोडीला एखादे तहनाम्याचे कलम आणि आजच्या एखाद्या सरकारी साहाय्य-उपक्रमाचे निवेदन शेजारीशेजारी ठेवून विद्यार्थ्यांना वाचू द्यावे. क्रियापदांचा कर्ता कोण आहे, कोणती वाक्ये कर्मणी प्रयोगात लपली आहेत, ‘मैत्री’ हा शब्द कोणत्या रकमेच्या शेजारी येतो, एवढेच शोधायला सांगावे. न्यायालयाने १९६०मध्ये जे केले ते याहून फार निराळे नव्हते. त्यांनी शब्द नीट वाचले, म्हणून देणगी आणि स्वामित्व यांतला फरक त्यांना दिसला. हे वाचन वेळीच झाले तर पुढच्या पिढ्यांना ते न्यायालयात करावे लागणार नाही.